मोटारीत पिस्तूल ठेवण्याची पोलादी पेटी

कॅलिफोर्नियात 2017 पासून, मोटार सोडून जाताना आत पिस्तूल ठेवायचे असेल तर ते कुलूपबंद डिकीत किंवा बाहेरून दिसणार नाही अशा कुलूपबंद पेटीत ठेवणे बंधनकारक आहे; डॅशबोर्डमधला ग्लव्ह बॉक्स, त्याला कुलूप असले तरी, अशी पेटी मानला जात नाही. नेमबाजीच्या सरावाहून परतताना वाटेत कुठेतरी थांबावे लागतेच, म्हणून सीटखालच्या सांगाड्याला पोलादी तारेने बांधता येणारी ही पेटी मी घेतली.

16 गेजच्या, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या या पेटीत पूर्ण आकाराचे रिकामे पिस्तूल सहज मावते. आतला फोम मात्र ओलावा धरतो, त्यामुळे सिलिका जेलची पुडी आत ठेवलेली बरी. किल्लीचे कुलूप मी मुद्दाम निवडले, कारण उन्हात तापलेल्या गाडीत बोटाच्या ठशावर चालणाऱ्या कुलपाच्या बॅटरीवर माझा भरवसा नाही. पेटीची खरी कमजोरी तारेत आहे: काच फोडून हाती लागेल ते उचलणाऱ्या भुरट्या चोराला ती रोखते, परंतु कटर घेऊन आलेल्याला फार वेळ अडवू शकत नाही. त्यामुळे तात्पुरत्या थांब्यासाठी मी ती निःशंकपणे सुचवेन, रात्रभरासाठी मुळीच नाही. शिवाय पिस्तूल पेटीत ठेवण्याचे काम निघण्यापूर्वीच उरकावे; पार्किंगमध्ये सर्वांदेखत ते करणे म्हणजे चोराला पत्ता देणेच आहे (मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचे स्टिकर मिरवणाऱ्यांना हे कोण सांगणार!).