आरसी पाणबुडीची कोरडी नळी: जळगावच्या पंप-बाजारातलं सामान कितपत चालतं?

आरसी, म्हणजे रेडिओनं चालवायच्या, पाणबुडीच्या मॉडेलचं बाहेरचं कवच पाण्यानं भरतंच, भरायलाच हवं. रिसीव्हर, बॅटरी, स्पीड कंट्रोलर आणि सर्वो (सुकाणू हलवणारी छोटी मोटार) बसतात ते आतल्या बंद नळीत, आणि सगळी कसोटी त्या नळीची. खानदेशात विहिरी-बोअरच्या मोटारींमुळे ओ-रिंग (रबरी कडी), ऑइल सील, प्लास्टिकचे रॉड आणि लेथवाला हे सगळं एका फेरीत सापडतं. त्यातून झाकणं उत्तम होतात. शाफ्टचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं, काम मात्र या बाजारावर सोडू नये.

आधी नळी. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि मुबलक, पण पाइपचं माप बाहेरच्या व्यासावर धरतात. आतलं भोक थोडं कमी-जास्त आणि किंचित अंडाकृती निघतं. पीव्हीसीच घ्यायची तर दोन्ही टोकं 20 मिमी आतपर्यंत लेथवर बोअर करून घ्या. त्यापेक्षा पारदर्शक अॅक्रिलिक बरं: बाहेरून 90, आतून 82 मिमी. गळती कुठून सुरू झाली ते डोळ्यांना दिसतं. ते स्पिरिटनं पुसू नका, कापलेल्या कडांना बारीक तडे जातात.

झाकणासाठी डेलरिन (अॅसिटल प्लास्टिक) मागा. पांढरा रॉड म्हणून नायलॉन हातात पडण्याची शक्यता दाट, आणि नायलॉन पाणी पिऊन फुगतं. एकाच मापाचे दोन तुकडे हातात धरा, डेलरिन साधारण पाव पट जड लागतं.

लेथवाल्याला मापं तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. झाकणाचा व्यास 81.7, रिंगच्या खाचेच्या तळाचा व्यास 77.2, खाचेची रुंदी 4 मिमी, ओ-रिंग 75 × 3. म्हणजे 3 मिमी जाडीच्या रिंगला 2.4 मिमी जागा उरते आणि ती 20 टक्के दबते. हमखास होणारा घोळ असा की रिंग 3 मिमीची म्हणून खाचही 3 मिमी खोल कापली जाते. झाकण मग झकास सरकतं, पण रिंग दबतच नाही आणि पाणी सरळ आत. रुंदी 3 ठेवली तर उलटं होतं: दबलेल्या रबराला पसरायला जागाच नाही, झाकण अडतं. नळीच्या तोंडाला आतून उतार घासून 600 नंबरच्या पेपरनं गुळगुळीत करा, नाहीतर धारेवर रिंग कापली जाते.

रिंग एनबीआर (नायट्राइल रबर), 70 शोअर कडकपणाची. पंपाच्या दुकानात ती किरकोळ दरात मिळते, दर्जाही चांगला. काळी रिंग ईपीडीएम या दुसऱ्या रबराची निघाली तर चेसिस ग्रीसनं फुगते. सिलिकॉन ग्रीस दोन्हींना चालतं. नुसता चकाकीपुरता थर द्या.

आता शाफ्ट. दुकानदार पंपाचं सील दाखवून छातीठोकपणे सांगेल, ‘साहेब, विहिरीत दोन-दोन वर्षं चालतं.’ चालतंच, पण बोअरच्या बहुतेक मोटारी आतून पाण्यानं भरलेल्याच असतात. तिथलं सील रेती अडवतं, आतला भाग कोरडा ठेवणं त्याचं काम नाही. शिवाय 4 मिमी शाफ्टचं सील तिथं सहसा नसतंच. ते आणि सर्वोच्या रॉडसाठी रबरी बेलोज (घड्यांची लवचिक नळी) ऑनलाइन मागवा. सील बसवताना स्प्रिंगची बाजू पाण्याकडे. गिअरबॉक्स उघडणाऱ्या मेकॅनिकचा हात सवयीनं ती आत वळवतो.

वायर बाहेर काढायची तर नुसतं भोक भरून भागत नाही. प्लास्टिकच्या आवरणाखालून, तांब्याच्या तारांमधून पाणी केशाकर्षणानं आत सरकतं. मधलं 10 मिमी आवरण सोला, तारा सोल्डरनं भरा आणि तोच भाग अॅराल्डाइटमध्ये बुडवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सर्किटजवळ नको, तांबं खातं.

चाचणीत हवा आत दाबून बुडबुडे बघणारे शाफ्टवरच्या ओठाच्या (लिप) चांगल्या सीललाही नापास ठरवतात, कारण ते सील बाहेरच्या दाबासाठी असतं. झाकणातल्या एम4 स्क्रूच्या भोकाला 60 मिलीची सिरिंज लावून हवा खेचा, दट्ट्या धरून ठेवा. पाच मिनिटांनी तेवढाच ताण जाणवला तर ठीक. मग आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, वजन बांधून नळी अर्धा तास बादलीत.

हा एम4 स्क्रू आपल्याकडच्या उन्हात चैन नाही, गरज आहे. मे महिन्यात 43 अंशांत बंद केलेली नळी 27 अंशांच्या पाण्यात गेली की आतल्या हवेचा दाब सुमारे 5 टक्के उतरतो. म्हणजे मॉडेल पृष्ठभागावर असतानाच सीलला अर्धा मीटर जास्त खोली भोगावी लागते. उलट पहाटे बंद करून उन्हात ठेवलेली नळी आतून 60 अंशांवर गेली, तर झाकणावर सहा किलोच्या आसपास बाहेरचा रेटा येतो, झाकण सटकतं. म्हणून दोन झाकणांना जोडणारा आरपार रॉड हवाच. नळी स्क्रू काढून सावलीत, तळ्याच्या पाण्यात निम्मी बुडवून वीस मिनिटं ठेवा, मग स्क्रू आवळा. भरीत पार्ट्यांच्या थंडीत हा त्रास बराच कमी.

रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचा असेल तर पाण्याखाली गेल्या गेल्या सिग्नल तुटतो. 27 मेगाहर्ट्झचा जुना सेट इथं सरस.