यूव्हीबी ट्यूब, सात महिन्यांनंतर: आधी ते प्लास्टिकचं कव्हर काढा

पाचू घरी आला त्याच आठवड्यात ही टी५ यूव्हीबी ट्यूब (सरड्यांना लागणारे अदृश्य यूव्हीबी किरण देणारी बारीक ट्यूबलाइट) पट्टीसकट, म्हणजे ती बसते त्या फिटिंगसकट घेतली. पाचू म्हणजे आमचा व्हेल्ड कॅमेलियन, रंग बदलणारा सरडा, तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा. वॅट, टक्के वगैरे घेणाऱ्यांना माहीत असतात, त्यात शिरत नाही. पहिल्या महिन्यात मी चार स्टार दिले होते. ते आज मागे घेतोय.

तिसऱ्या आठवड्यापासून त्याचं बिनसलं. भर दुपारी डोळे मिटून बसायचा. कॅमेलियन दिवसा डोळे मिटून बसला की दुखणं आहे असंच धरायचं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नव्या जागेला बुजला असेल म्हणून थांबलो, ते आठ-दहा दिवस मला अजून टोचतात. मग रातकिड्यावर नेम धरायचा, जीभ बाहेर यायची आणि अर्ध्यातच लोंबायची. एका सकाळी फांदी बदलताना त्याने पुढचा पाय दोनदा टाकला, दोन्ही वेळा पकड सुटली.

आधी मला त्याला पाणी कमी पडतंय अशी शंका आली, कारण विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला होता. हे प्राणी वाटीतलं साठलेलं पाणी सहसा पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. फवारणी वाढवली. चार दिवसांत तो भाग पांढरा झाला, डोळे मात्र मिटलेलेच.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं पातळ झाली होती, खालचा जबडा बोटाने दाबला की किंचित लवत होता. "कॅल्शियम देता का?" देत होतो, प्रत्येक रातकिड्याला भुकटी लावून. "आणि यूव्हीबी?" मी मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. "ट्यूबखाली हे काय चमकतंय?"

ते पारदर्शक कव्हर होतं. पट्टीला आधीपासूनच बसवून आलेलं, म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता. यूव्हीबी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि साधी काच व बरीचशी प्लास्टिकं त्यांना अडवतात. ते कातडीवर पडले नाहीत तर ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणजे दीड महिना मी त्याला नुसता उजेड देत होतो.

ओळखीच्या एकाकडून यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्ही किरणांचा जोर, मोजणारं मीटर मागून आणलं. पाचू शेकायला बसतो ती फांदी ट्यूबपासून वीस सेंटिमीटरवर आहे. तिथे मीटर धरलं, ०.०. कव्हर दोन खटक्यांवर बसलेलं, नखाने उचकटलं. त्याच जागी २.८! या जातीला ३ च्या आसपास ठेवायला सांगतात, आणि ट्यूब आणि फांदीमधली पिंजऱ्याची जाळीही बराच यूव्हीबी खाते. ट्यूब दमदार आहे, दोष तिचा नव्हताच.

कंपनीला सहा ई-मेल केले. उत्तर एकच, ट्यूब पेटते आहे ना, मग उत्पादनात दोष नाही. पेटण्याचा आणि यूव्हीबीचा संबंध नाही, हे त्यांना मी समजावायचं? तीन महिने भांडल्यावर पट्टी बदलून मिळाली. नव्या पट्टीलाही तेच कव्हर, आणि माहितीपत्रकात ते काढा म्हणून एक ओळ नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

लिहायला बसलो तेव्हा दोनच स्टार देणार होतो. पण आज सकाळी पुन्हा मोजलं, त्याच फांदीवर अजून २.३ येतंय. दर सहा महिन्यांनी ट्यूब बदला असं खोक्यावर छापलंय. मी बदललेली नाही, आणि आकडा २ च्या खाली जाईपर्यंत बदलणारही नाही. नंतर स्वतःचं मीटर विकत घेतलं, ते असं वसूल होतंय. ट्यूबला पाच, पट्टीला एक, म्हणून तीन.

पाचूचं औषध आठ आठवडे चाललं. पाचव्या आठवड्यात जीभ पहिल्यांदा रातकिड्यापर्यंत पोचली, तेव्हा मी पिंजऱ्यापासून लांब, श्वास धरून उभा होतो. आता दिवसभर डोळे उघडे असतात, दोन्ही दोन दिशांना. पुढचा डावा पाय थोडा वाकडाच राहील, असं डॉक्टर म्हणाल्या.