ए३१९, ए३२०, ए३२१ : तिन्ही आठ महिने उडवल्यावर

आमच्या व्हर्च्युअल एअरलाइनच्या (घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानं उडवणाऱ्यांचा गट) ताफ्यात एअरबसची ही तीन भावंडं आहेत. मी रुजू झालो तेव्हा तिथल्या एका जुन्या दादांनी सांगितलं होतं, "कॉकपिट एकच रे, एक आलं की तिन्ही आली." खऱ्या वैमानिकांनाही तिन्हींसाठी एकच टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) चालतं, त्यामुळे मला ते पटलं. आठवड्याला तीन-चार उड्डाणं करत आता आठ महिने झालेत आणि माझं मत बदललंय.

ए३२० वर फार लिहीत नाही. शिकायला तेच घ्या, हात तिथेच बसतो.

खरा धडा ए३२१ ने दिला. लांबी ४४.५१ मीटर, म्हणजे ए३२० पेक्षा जवळजवळ ७ मीटर जास्त. नाक थोडं वर गेलं की शेपटी जमिनीजवळ येते. एका संध्याकाळी दिल्लीहून पुण्याला उतरत होतो. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे लवकर टेकवायची घाई मनात होतीच. शेवटच्या ५० फुटांत वेग थोडा पडला, विमान बसतंय असं वाटलं आणि ए३२० च्या सवयीने मी साइडस्टिक (नाक वर-खाली करायची दांडी) मागे ओढत राहिलो. चाकांमागोमाग शेपटीही टेकली. उड्डाणाच्या अहवालात लाल अक्षरांत टेल स्ट्राइक. रिप्ले चार वेळा पाहिला, पिच, म्हणजे नाक वर उचलल्याचा कोन, १० अंशांच्या वर गेला होता. चाकांचे स्ट्रट (धक्का झेलणारे दांडे) दबलेले असतील तर ए३२१ ची शेपटी साधारण ९.७ अंशांवरच घासते. ए३२० ला ११.७ पर्यंत मुभा आहे. खऱ्या कॉकपिटमध्ये शेजारचा वैमानिक ए३२० वर १० अंशांना "पिच" म्हणून टोकतो, ए३२१ वर ७.५ लाच. घरी शेजारी कोणी नसतं, म्हणून मी स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे: ७.५. आता ३० फुटांवर एकदाच हलकं ओढतो आणि तेवढ्यावरच धरून ठेवतो. तरीही बसायला लागलं तर नाक वर करत नाही, सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

इंधनाचं पॅनेलही वेगळं आहे. ए३१९ आणि ए३२० च्या पंखात आतली आणि बाहेरची अशा दोन टाक्या असतात, मधल्या टाकीला स्वतःचे पंप असतात. ए३२१ च्या पंखात एकच टाकी आणि मधल्या टाकीला पंपच नाहीत. पंखातल्या पंपांच्या दाबावर जेट पंप चालतात आणि मधलं इंधन पंखात ओढलं जातं. म्हणून तिथल्या बटणांवर पंपाऐवजी ट्रान्सफर लिहिलेलं दिसतं. आमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये (सिम्युलेटरला जोडलेलं विमानाचं सॉफ्टवेअर) हे नीट उतरलंय, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) फुल असतानाची वेगमर्यादाही ए३२१ वर १७७ ऐवजी १९० नॉट आहे.

ए३१९ मात्र मला सगळ्यात आवडतं. पंख जवळजवळ ए३२० चेच, वजन कमी. एअर इंडियाने लेहसाठी हेच विमान का वापरलं, हे तिथे स्वतः उडवल्यावर कळतं. १०,००० फुटांहून उंच विमानतळ, विरळ हवा, चहूबाजूंना डोंगर. दुपारच्या उन्हात मी ए३२० नेऊन पाहिलं, तेव्हा बरेच प्रवासी उतरवल्याशिवाय गणित जुळेना. ए३१९ मध्ये थोडे उतरवून भागलं. फक्त उतरताना विमान हलकं असेल आणि वेग जरा जास्त राहिला, तर ते तरंगत लांब जातं.

दोन तक्रारी आहेत. ताफ्याच्या नोंदीत ए३२१ ला चक्क ए३२० ची वजनं लावली होती, त्यामुळे पहिले तीन आठवडे माझे टेक-ऑफचे वेग चुकत होते. कळवल्यावर दुरुस्ती झाली, पण तोवर अनेकांनी तसंच उडवलं असणार. दुसरी तक्रार अजून तशीच आहे: विमानावर रंग एका कंपनीचे आणि इंजिन दुसरंच. इंडिगोची सुरुवातीची ए३२० व्ही२५०० इंजिनांची होती, एअर इंडियाची ए३१९ आणि ए३२१ सीएफएम या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांची. व्ही२५०० वर थ्रस्ट (इंजिनाचा जोर) ईपीआर, म्हणजे इंजिनातल्या दाबाचं गुणोत्तर, पाहून लावायचा, सीएफएमवर एन१, म्हणजे पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग, पाहून. चुकीचं इंजिन असलं तर डोळा चुकीच्या आकड्यावर तयार होतो. नवीन येणाऱ्यांनी विमान निवडताना इंजिनाचं नाव आधी वाचावं, रंग नंतर बघावेत.