आक्कांच्या मनातलं संगणकाला कसं कळावं? तीन वाटा, आणि कुणी कोणती धरावी

साताऱ्याची एक विद्यार्थिनी मराठी घेऊन एम.ए. करते आहे. ग्रामीण कथेतल्या पात्रांच्या मनात काय चाललंय हे संगणकाला ओळखता येतं का, हा तिच्या प्रबंधिकेचा विषय. परवा सांगलीला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, नियम लिहीत बसू, लोकांना विचारून माहिती गोळा करू, की सरळ चॅटबॉटवर सोपवू?" हातात सात महिने, एक साधा लॅपटॉप, पैसे जवळजवळ नाहीतच. अशा पेचात आणखीही कुणी असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक उतारा. तो मीच लिहिलाय, तपासून बघण्यासाठी.

"आयर्विनला चाळीस झालं म्हणे," तात्या दारातूनच म्हणाले. आक्का काही बोलल्या नाहीत. उठल्या, देव्हाऱ्यातले टाक काढले आणि पदरात बांधले.

सांगलीच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आपण पाहिलंय. आक्कांनी घर सोडायचं ठरवलंय, लवकर परत यायची आशा त्यांना नाही, आणि तात्यांशी चर्चा करत बसायलाही त्या तयार नाहीत. यातलं एक अक्षरही उताऱ्यात लिहिलेलं नाही. दुसऱ्याच्या मनाबद्दल आपण रोज असे अंदाज बांधतो. हे रोजचं, घरगुती मानसशास्त्र यंत्राला द्यायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

पहिली वाट नियमांची. ती जुनी आहे. व्यवहारज्ञान तर्काच्या भाषेत लिहून यंत्राला द्यावं, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५९ मध्येच मांडली होती. डग्लस लेनट यांनी १९८४ पासून 'साइक' नावाच्या प्रकल्पात असे नियम हाताने भरायला घेतले आणि त्यात उभी हयात घातली. पण मनापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अँड्र्यू गॉर्डन आणि जेरी हॉब्ज या संशोधकांचं काम. माणसं माणसांच्या मनाबद्दल काय समजून चालतात, ते या दोघांनी सुमारे १४०० सूत्रांत लिहून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. समजूत, हेतू, बेत, आठवण, भीती, सगळं त्यात येतं. गॉर्डन यांनी त्याची परीक्षाही छान निवडली. १९४४ साली हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली होती. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, बस्स. तरी बघणाऱ्यांना त्यात दांडगाई दिसली, भीती दिसली, सुटका दिसली. त्याच आकृत्या घेऊन गॉर्डन यांनी शंभर प्रश्न तयार केले: त्रिकोण असा का वागला?

मी आक्कांसाठी असे नियम लिहून पाहिले. घरावर संकट येतंय असं वाटलं की माणूस घर सोडायचं ठरवतो. घर सोडताना सगळ्यात मोलाचं आधी उचलतो. टाक म्हणजे कुळाचे देव, त्यांना पाण्यात टाकून कुणी जात नाही. कृतीवरून मागे येत येत कारण गाठायचं, अशी ही रीत. तीन ओळींसाठी चौदा नियम लागले आणि दोन संध्याकाळी गेल्या. पण तोंडी परीक्षेत कुणी "हे कशावरून?" म्हणालं, तर प्रत्येक पायरीवर बोट ठेवून दाखवता येतं. बाकीच्या दोन्ही वाटांवर ही सोय नाही.

खरी मजा आली ती 'म्हणे'पाशी. तात्यांनी पाणी स्वतः पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय, आणि त्याची हमी ते घेत नाहीत. एवढा मनाचा व्यवहार मराठी दोन अक्षरांत उरकते. इंग्रजीवर बेतलेल्या सूत्रांत याला तयार जागा सापडत नाही, ती आपणच करायची. 'जाते' म्हणायचं नाही म्हणून 'येते हं' म्हणणं, 'पोटात गोळा आला', 'मन घेईना', 'जीवात जीव आला', ही सगळी त्याच जातीची. गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी मजकुरातली अशी मनाची भाषा ओळखण्याचं काम २००३ मध्ये केलं. मराठीसाठी एखाद्या प्रबंधिकेने एवढी एकच यादी नीट केली तरी पुढच्या दहा जणांना ती पुरेल.

अडचण एकच, पण मोठी. पुढची कथा दुष्काळातल्या चारा छावणीची निघाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसऱ्या वाटेचं आधी उरकते, कारण सगळ्यांना तीच सोपी वाटते. मी उतारा एका चॅटबॉटला दिला. उत्तर शुद्ध मराठीत आलं: चाळीस अंश तापमानाने घाबरून आक्कांनी देवाची प्रार्थना केली. आयर्विन हा सांगलीचा पूल आहे एवढं सांगितल्यावर मात्र त्याने सगळं बरोबर ओळखलं. म्हणजे माहिती आत होती, हाक मारल्याशिवाय बाहेर आली नाही. मग मी शेवट बदलला: आक्कांनी टाक काढले, पुसले आणि परत देव्हाऱ्यात ठेवले. तरीही त्याचं म्हणणं तेच, आक्का घर सोडतायत. हा प्रकार नवा नाही. दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखायला लावणाऱ्या गोष्टी, ज्या लहान मुलांना सांगतात, त्या मोठ्या भाषा मॉडेलांनी (चॅटबॉट ज्यांवर चालतात) सोडवल्याचा गाजावाजा २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी टोमर उलमन या संशोधकाने गोष्टीत बारीक बदल केले, बंद पिशवीच्या जागी पारदर्शक पिशवी घेतली (आतलं दिसतं, म्हणजे चुकीची समजूत होणारच नाही), आणि मॉडेल घसरलं.

म्हणून ही वाट घ्यायचीच तर प्रत्येक उताऱ्याचं एक बदललेलं रूप शेजारी ठेवा, तोच प्रश्न निदान पाचदा विचारा, आणि मॉडेलची आवृत्ती व तारीख वहीत टिपा. मॉडेल बदललं की जुनी उत्तरं पुन्हा मिळत नाहीत. वाक्यांची भावनेनुसार वर्गवारी एवढंच हवं असेल, तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाचं महाबर्ट हे मराठीचं भाषा मॉडेल फुकट आहे. ते कारण सांगत नाही, पण वर्गवारीला कारण लागतही नाही.

राहिली मधली वाट, लोकांना विचारण्याची. 'ॲटॉमिक' नावाच्या २०१९ च्या संग्रहात अशी ८ लाख ७७ हजार 'जर-तर' वाक्यं आहेत: अमक्याने असं केलं, तर त्याचा हेतू काय, आधी काय लागलं असेल, नंतर त्याला कसं वाटेल, समोरच्याला कसं वाटेल. हा साचा मला फार आवडतो. पण उत्तरं इंग्रजीत आहेत आणि जग तिकडचं आहे. 'कोपा' नावाची कार्यकारणाची प्रश्नावली २०२० मध्ये अकरा भाषांत गेली, त्यात भारतातली एकटी तमिळ. पुढे ती मराठीतही आली, तरी भाषांतर केलेल्या प्रश्नांत टाक, पदर आणि पुलाची पातळी कुठून येणार?

माझा सल्ला साधा आहे. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी असाल, दीड-दोन वर्षं हातात असतील आणि प्रोलॉगसारख्या, तर्काचे नियम लिहायच्या संगणकी भाषेची भीती नसेल, तर नियमांची वाट धरा. तुमच्या साध्या लॅपटॉपवर ते काम होईल. मराठीचे विद्यार्थी असाल आणि वेळ महिन्यांत मोजायचा असेल, तर ॲटॉमिकचा साचा घ्या आणि माणसं आपली घ्या. तीस उतारे, प्रत्येकी आठ माणसं, छापील कागद. चॅटबॉटला नववा माणूस म्हणून सगळ्यात शेवटी विचारा, कारण त्याचं गुळगुळीत उत्तर आधी वाचलं की आपलाही अंदाज तिकडे झुकतो. आणि जिथे आठांत एकमत होणार नाही तेवढ्याच जागी बसून नियम लिहा.

त्या मुलीने हेच घेतलंय. पहिला उतारा तिने आक्कांचाच नेला. सात जणांनी लिहिलं: घर सोडायचं ठरवलं, भीती वाटली, देव सोबत घेतले. आठव्या, भिलवडीच्या एक आजी. त्यांना वाचता येत नाही म्हणून तिने उतारा वाचून दाखवला. आजी म्हणाल्या, "पोरं आणि जनावरं कधीच गेली असणार गं. ती असताना बाई टाकाला हात लावत नाही." तिच्या कागदावर याला रकाना नव्हता. तिने तो पेनाने आखला आणि उरलेल्या एकोणतीस उताऱ्यांच्या कागदांवरही घातला: 'या आधी काय होऊन गेलं असेल, जे गोष्टीत सांगितलेलं नाही?'