कटआउटची स्टील गिअरवाली मोटर: मस्टँगवर बसवून बघितली, पैसे वसूल

माझी २०११ची मस्टँग जीटी, ५.० लिटरच्या कोयोट इंजिनची. एच-पाइपच्या (दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट पाइप जोडणाऱ्या भागाच्या) मागे दोन्ही बाजूंना तीन इंची इलेक्ट्रिक कटआउट आहेत, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या प्लेटच्या झडपा; त्या उघडल्या की धूर सायलेन्सरपर्यंत न जाता थेट बाहेर पडतो. गाडी आता ट्रेलरवरून फक्त ड्रॅग स्ट्रिपला (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकला) जाते, पण आधी रोजच्या वापरात होती आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर पडणारं मीठ तिच्या पाइपांनी भरपूर खाल्लंय.

डावं कटआउट अर्धवट उघडं अडकलं होतं. बटण दाबलं की मोटर नुसती घरघरायची, प्लेट जागची हलायची नाही. खोलल्यावर दिसलं की नायलॉनच्या गिअरचे दात एका बाजूने साफ झालेत. शाफ्टवर काजळी आणि गंज यांचा एवढा थर, की प्लेट फिरवायला पाना लावावा लागला. या मोटरी बहुतेक अशाच जातात. प्लेट जाम होते, साधा स्विच दाबून धराल तोवर करंट सोडत राहतो आणि सगळा जोर त्या प्लास्टिकच्या दातांवर येतो.

शाफ्ट पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये रात्रभर ठेवला, वायर ब्रशने घासला. प्लेट हाताने सहज फिरायला लागली, म्हणून अख्खं कटआउट न बदलता दोन मोटरी आणि कंट्रोलरचा किट मागवला.

मोटरीवर मी बेहद्द खूश आहे. स्टीलचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, जो उलटा फिरवता येत नाही) आहे, त्यामुळे करंट बंद झाला तरी एक्झॉस्टच्या दाबाने प्लेट मागे ढकलली जात नाही. उघडायला जुनीपेक्षा थोडा वेळ लागतो, पण मध्ये अडखळत नाही. खरी सुधारणा कंट्रोलरमध्ये आहे. प्लेट टोकाला टेकली की करंट एकदम वाढतो, ते ओळखून तो मोटर स्वतःच बंद करतो. थंड इंजिनवर प्लेट चिकटलेली असली तरी आता गिअरची काळजी नाही. आणि दोन्ही बाजू एकदम उघडल्यावर व्ही-८चा जो मोकळा, भरदार आवाज येतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

किटमधले गॅसकेट मात्र वापरू नका. पातळ आहेत, तापले की फुंकतात आणि टिक-टिक आवाज सुरू होतो. मी ग्रॅफाइटचे घेतले, बोल्टना अँटी-सीझ (ते गंजून जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं. वायरचे कनेक्टरही उघडे आहेत, पाणी शिरणारच. ते कापून सीलबंद बसवा. मोटरचं तोंड जमिनीकडे ठेवू नका आणि पाइप व मोटर यांच्यामध्ये हीट शील्ड हवीच.

नव्याने कटआउट बसवणार असाल तर ते ऑक्सिजन सेन्सरच्या मागेच घ्या. पुढे घेतलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि इंजिन उगाच पेट्रोल वाढवतं. शिवाय आपल्या राज्याचा कायदा आधी वाचा. कॅलिफोर्नियात तर वाहन संहितेच्या कलम २७१५० नुसार सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीला कटआउट चालतच नाही.

किट मागवण्याआधी मोटर काढून शाफ्ट हाताने हलवून बघा. तो बुशमध्ये (ज्या कड्यात तो फिरतो त्यात) खडखडत असेल तर नवी मोटर घालून उपयोग नाही, सरळ पूर्ण कटआउटच घ्या.