इंजिनासाठी जुनी बोट घेतली, त्याचा रिव्ह्यू

आमच्या बोटीला लेलँडचं सहा सिलिंडरचं मरीन इंजिन. गेल्या सीझनला गेअरबॉक्स कुरकुरायला लागला आणि नव्याचं कोटेशन आलं ते बघून बाबांनी कागद घडी करून खिशात टाकला तो परत काढलाच नाही. मग कळलं की पलीकडच्या बंदरात एक नाखवा जुनी लाकडी बोट काढतोय, इंजिन आमचंच मॉडेल, सगळ्यासकट एक लाख चाळीस हजार.

बोट म्हणून बोट शून्य. वरून फायबर मारलेलं त्यामुळे लांबून झकास दिसते, पण फायबरच्या आत पाणी शिरून फळ्या एवढ्या कुजलेल्या की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आम्हाला त्याचं काही नव्हतं म्हणा.

आधी एक गोष्ट सांगतो, हे इंजिन मुळात ट्रकच्या घराण्यातलं, त्यामुळे पिस्टन, लायनर, बेअरिंग असलं सामान बाजारात मिळून जातं, त्यासाठी कोणी जुनी बोट घेऊ नका. पैसे वसूल होतात ते बोटीच्या खास सामानात, म्हणजे गेअरबॉक्स, हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिन थंड ठेवणारा), खाऱ्या पाण्याचा पंप, शाफ्ट आणि पंखा (प्रोपेलर).

बघायला जाताना फिटर चाचांना घेऊन गेलो हे शहाणपण केलं. बोट पावसासाठी शाकारून, म्हणजे झाकून, वर घेतलेली (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बघायला हाच टाइम बरा), आणि नाखवा लगेच स्टार्टर मारायला निघाला तर चाचा ओरडले, "अरे थांब, पाणी कुठाय?" खाऱ्या पाण्याचा पंप कोरडा फिरला की आतला रबराचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, जळतो. मग पिंपात पाइप सोडून चालू केलं, आवाज एकदम गोड, मी तिथेच भाळलो. चाचांनी मात्र बंद झाल्यावर डिपस्टिक काढून माझ्या नाकासमोर धरली. तेल काळं नाही, दुधाळ, टपरीवरच्या चहासारखं. म्हणजे तेलात पाणी. हेड (सिलिंडरवरचं झाकण) नाहीतर लायनरमधून कुठूनतरी येतंय.

तिथून वीस हजार कमी करून घेतले आणि तरी घेतली, कारण गेअरबॉक्सचं तेल स्वच्छ होतं. त्याच्या पाटीवरचा रंग खरवडून रेशो वाचला, ३:१, म्हणजे इंजिनाचे तीन फेरे तर पंख्याचा एक, आमच्यासारखाच. हे बघाच! रेशो वेगळा निघाला तर तुमचा पंखा जुळत नाही, कमी निघाला तर इंजिन दमतं, काळा धूर ओकतं.

घरी आणून खोलल्यावर हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर निघाली, ते भंगारात. हीट एक्स्चेंजर बघून तर वाईट वाटलं, आत जिंकचा एक तुकडा असतो जो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो, तो संपून किती वर्षं झाली देव जाणे, नंतर खाऱ्या पाण्याने नळ्याच खाल्ल्या. काही शे रुपयांचा तुकडा वेळेवर बदलला असता तर आख्खा एक्स्चेंजर माझ्या कामाला आला असता. फ्युएल पंप मात्र बेंचवर लावला तर जवळपास नव्यासारखा. पितळेचा पंखा किलोवर विकला, त्यात हायड्रा क्रेनचं भाडं सुटून वर थोडे उरले.

कागदांचं विसरू नका, बोट तोडायची असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात नोंदणी रद्द करून घ्या, मूळ मालकालाच अर्ज करायला लावा आणि थोडे पैसे तोपर्यंत हातात ठेवा. आम्ही सगळे आधीच दिले आणि नंतर चार चकरा मारल्या.

गेअरबॉक्स बसवला, नारळी पौर्णिमेनंतर बोट सोडली, अजून तरी तक्रार नाही. साडेतीन स्टार. अर्धा कापला तो बॅटऱ्यांसाठी, बघायला गेलो तेव्हा दोन होत्या, क्रेन घेऊन गेलो तर नुसती पेटी.