चांगली सुई काढून घेतली, नकली बसवून दिली

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला दिलाय आणि दुकानदार म्हणतोय की सुई झिजली, तर जुनी सुई हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पुण्यात माझ्याकडून आणि माझ्या एका मित्राकडून असं सांगून प्रत्येकी साडेसात हजार रुपये उकळले गेले. पैसे गेलेच, पण रेकॉर्डींचं जे नुकसान झालं ते कुठल्याच पैशाने भरून येणारं नाही. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

मी प्लेअर नेला होता तो बेल्टसाठी, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यासाठी. बेल्ट सैल पडला होता आणि तंबोऱ्याचा सूर हलायला लागला होता. सुईबद्दल माझी काही तक्रारच नव्हती. शूर कंपनीचं एम९७एक्सई कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग), त्याला लंबगोल टोकाची हिऱ्याची सुई, आणि वापर म्हणाल तर संध्याकाळी एखाददुसरी बाजू. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला. “काका, बेल्टचं काम झालं, पण सुई पार गेलीय. अशीच चालवलीत तर रेकॉर्डी खराब होतील.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला. एका बाजूने चपटं झालेलं टोक आणि त्याला चिकटलेला एक बारीक केस. शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणं बंद केलं, हे रेकॉर्डी ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तोच धागा त्याने पकडला. “जुन्या स्टॉकमधली कंपनीची सीलबंद सुई आहे माझ्याकडे. ही गेली की परत मिळणार नाही.”

आमच्या पिढीला हे पटकन पटतं, त्याला कारण आहे. घरात चावीचा ग्रामोफोन होता तेव्हा पोलादी पिन एक बाजू वाजली की टाकून द्यायची असायची, त्यामुळे पिन ही बदलायचीच वस्तू, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिऱ्याच्या सुईचा हिशेब अगदी निराळा आहे. ऑडिओ-टेक्निका कंपनी गोल टोकाच्या सुईला साधारण ५०० तास, लंबगोल टोकाला ३०० आणि मायक्रोलिनिअर या आणखी बारीक घडवलेल्या टोकाला १००० तास देते. ऑर्टोफोन नीट निगा राखल्यास १००० तासांपर्यंतची ग्वाही देते. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली, तर ३०० तासांत ९०० बाजू होतात. रोज तासभर ऐकणाऱ्याची लंबगोल सुईसुद्धा दहा महिने सहज जाते. तेव्हा कोणी “झिजली” म्हणालं, की आधी आपला वापर किती झाला ते आठवा.

खरी झीज कानाला कळते, आणि ती कळायच्या जागा ठरलेल्या आहेत. गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागतात, थुंकल्यासारखे येतात. त्यातही आधी बिघडतो तो लेबलजवळचा भाग. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबण (आवाज कोरलेली रेघ) सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर सरकते, तर आत लेबलपाशी जेमतेम २० ते २२. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डीत नेमकी द्रुत बंदिश आणि ताना तिथेच येतात. सुरुवातीची आलापी स्वच्छ आणि शेवटी ताना खरखरीत, असं व्हायला लागलं की सुईकडे बघायची वेळ आली असं समजा. माझ्या जुन्या सुईवर यातलं काहीही होत नव्हतं.

नवी सुई लागली आणि हे सगळं सुरू झालं. माणिक वर्मांच्या एका रेकॉर्डवर प्रत्येक ‘स’ टोचायला लागला. दुकानात फोन केला तर म्हणे, “नवी सुई रुळायला वेळ लागतो, काका.” नवी सुई रुळायला थोडे तास घेते हे खरं आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने त्याने आठवडे काढले. तोवर ती सुई माझ्या रेकॉर्डी घासत राहिली.

शेवटी सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते मोजायचा छोटा डिजिटल काटा मागवला. कार्ट्रिजचा पुढचा ब्रश वर करून सुई काट्यावर टेकवली आणि आकडा आला ३.२ ग्रॅम. या कार्ट्रिजला ०.७५ ते १.५ ग्रॅम चालतं, १.२५ सगळ्यात बरं. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचं वजन दुकानात पुढे फिरवून ठेवलेलं होतं. का, ते मी वजन १.२५ वर आणलं तेव्हा समजलं. सुई खोबणीत टिकेचना, उड्या मारायला लागली. ती उडी लपवायला वजन दुपटीपेक्षा जास्त केलं होतं. भिंगाखाली पाहिलं तर हिरा तिरका बसवलेला आणि मुळाशी गोंदाचा गोळा.

मित्राला हे सांगत होतो, तर त्याने स्वतःचा मोबाइल पुढे केला. त्याच्या ‘झिजलेल्या’ सुईचा फोटो. तेच चपटं टोक आणि तोच केस.

दोघं मिळून दुकानात गेलो, दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. आधी म्हणाला, सगळ्या झिजलेल्या सुया अशाच दिसतात. केस दाखवल्यावर आवाज खाली आला. पावतीवर फक्त ‘सुई’ लिहिलेलं होतं, कंपनी नाही की मॉडेल नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करतो म्हटल्यावर त्याने दोघांना चार-चार हजार परत केले. जुन्या सुया मात्र “फेकून दिल्या” हेच त्याचं शेवटपर्यंत उत्तर होतं. चालू स्थितीतल्या अस्सल शूर सुईला आज काय भाव आहे हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्या कचऱ्यात गेल्या यावर माझा विश्वास नाही.

आता मी जपानच्या जिको कंपनीची सुई लावली आहे. ती शूरच्या कार्ट्रिजला बसते आणि जिकोच्याच नावाने विकली जाते. इतर रेकॉर्डी पूर्वीसारख्या वाजतात. माणिक वर्मांच्या त्या रेकॉर्डवरचा ‘स’ अजून फुटतो, कारण खोबणच खरवडली गेली आहे. ती आता नीट होणार नाही.

गेल्या काही महिन्यांत ज्यांनी सुई बदलून घेतली असेल त्यांनी आजच काट्यावर वजन बघा आणि कार्ट्रिजच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. (जुन्या सुटकेस प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये सुईवरचं वजन मुळातच ५ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यांना हा हिशेब लावू नका.) आकडा मर्यादेबाहेर असेल तर आवडती रेकॉर्ड त्यावर लावू नका. आणि दुकानाने पाठवलेला फोटो जपून ठेवा, ओळखीच्या रेकॉर्डवाल्यांना दाखवा. त्यांच्यापैकी कोणाकडे तोच फोटो निघू शकतो.